भाड्याचं घर आणि पाळीव प्राणी: महाराष्ट्रातील भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी भाड्याच्या घरांत राहतो आहे, त्यातली नऊ बंड्यासोबत. बंड्या म्हणजे गावठी कुत्रा. रंग चहाचा, स्वभाव सोसायटीच्या सेक्रेटरीचा. या काळात चार घरं बदलली. ओळखीतले लोक घर शोधायला लागले की फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. प्रकरण नोटिशीपर्यंत पोचलं असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

भाडेकरूला कुत्रा किंवा मांजर पाळायचा हक्क आहे की नाही?

यात तुमची गाठ दोघांशी असते, सोसायटीशी आणि घरमालकाशी. दोघांचे अधिकार वेगळे आहेत आणि सगळे घोळ ते एकच समजल्यामुळे होतात.

सोसायटी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही. घरमालक मात्र आपलं घर देताना "प्राणी चालणार नाही" अशी अट घालू शकतो, आणि तुम्ही त्याखाली सही केली की ती तुम्हाला लागू होते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक मोबाइलवर फिरत असतं. ते रहिवासी संघटना आणि सोसायट्यांना उद्देशून आहे. घरमालकासमोर ते नाचवून काही हाती लागत नाही, उलट माणूस बिथरतो. हे मी स्वतः करून पाहिलंय.

सोसायटीचे लोक म्हणतात, "आमच्याकडे सर्वसाधारण सभेत ठराव झालाय, कुत्रे चालत नाहीत."

झाला असेल ठराव. मंडळाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताने, अगदी सगळ्यांच्या संमतीनेही अशी बंदी घालता येत नाही. अमुक जातीचाच कुत्रा ठेवा, मोठा नको, भुंकतो म्हणून काढा, असंही सांगता येत नाही. लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. या सूचनांत "रहिवासी" आहेत. मालक आणि भाडेकरू असा भेद सोसायटीने करायचं कारण नाही. केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये सोसायट्यांच्या उपविधींतली अशी मनाई बेकायदेशीर ठरवली. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण पत्रात उल्लेख केला की समोरचा जरा दमाने घेतो.

ही नाण्याची एक बाजू. त्याच केरळच्या निकालात हेही आहे की तुमचं स्वातंत्र्य शेजाऱ्याच्या स्वातंत्र्याशी जुळवून घेतच वापरायचं. पट्ट्याशिवाय कुत्रा जिन्यात सोडायचा आणि वर परिपत्रक दाखवायचं, हे काही खरं नाही. बागेच्या किंवा गच्चीच्या वेळा सोसायटीने सुचवल्या तर मान्य कराव्यात. शी उचलावीच. मुंबईत तर 2006 च्या स्वच्छता उपविधींमध्ये पाळीव प्राण्याच्या घाणीसाठी 500 रुपये दंड ठेवला होता. तो महापालिकेने करायचा असतो, सेक्रेटरीने नव्हे.

व्यवहारात काय होतं? सेक्रेटरी तुम्हाला काही बोलतच नाही, तो घरमालकाला फोन करतो. घरमालक दुसऱ्या शहरात असतो, त्याला कटकट नको असते, आणि कराराच्या पुढच्या नूतनीकरणाला तुम्हाला गोड शब्दांत नकार येतो. म्हणून सोसायटीला लागू असलेले हे नियम घरमालकालाही आधीच समजावून ठेवावेत.

करारात प्राण्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मग चालेल ना?

मनाई नाही म्हणजे नुसता प्राणी पाळल्याने करार मोडत नाही. पण करार पुन्हा एकदा वाचा. जवळपास प्रत्येक मसुद्यात "शेजाऱ्यांना उपद्रव किंवा त्रास होईल असे वर्तन करू नये" अशी ओळ असते. शेजाऱ्याने लेखी तक्रार केली की घरमालक हीच ओळ पुढे करतो.

शिवाय एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, तो परवानाधारक असतो. घरात त्याचा हितसंबंध तयार होत नाही, राहण्याची फक्त परवानगी असते. मुदत संपल्यावर घरमालकाने नूतनीकरण नाकारलं तर कारणही द्यावं लागत नाही. आणि मुदत संपूनही घर सोडलं नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने पैसे मोजावे लागू शकतात. करारात काही लिहिलेलं नाही या भरवशावर फार तर एक मुदत निघते.

मग काय लिहून घ्यायचं? नेमके शब्द सांगा.

मी माझ्या शेवटच्या दोन करारांत हे घातलं होतं:

"परवानाधारकाकडे एक पाळीव कुत्रा (गावठी, नर, रंग तपकिरी, नसबंदी झालेला) असून तो सदर जागेत ठेवण्यास परवाना देणार यांची संमती आहे. प्राण्यामुळे जागेचे नेहमीच्या वापरातील झीज सोडून नुकसान झाल्यास त्याच्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च परवानाधारक बिलानुसार देईल. केवळ प्राणी ठेवला या कारणावरून सदर करार मुदतीपूर्वी संपुष्टात आणला जाणार नाही."

तीन वाक्यं, पण प्रत्येकाचं काम वेगळं. पहिल्यात प्राण्याचं वर्णन आहे, म्हणजे उद्या "मी तर लहान कुत्र्याला हो म्हटलं होतं" असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्यातला "प्रत्यक्ष खर्च" आणि "बिलानुसार" हे शब्द सोडू नका. डिपॉझिट परत घेताना तेच उपयोगी पडतात. तिसरं वाक्य घरमालक सहसा खोडायला सांगतो. तेव्हा "शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारीनंतर सुधारण्यासाठी तीस दिवसांची मुदत दिली जाईल" यावर तडजोड करा.

ऑनलाइन नोंदणी करणारा एजंट "हे फॉर्ममध्ये बसत नाही हो" म्हणेल. त्याला इतर अटींमध्ये टाकायला सांगा. त्याला ते टाइप करायचा कंटाळा असतो, एवढंच.

घरमालक फोनवर "हो हो, ठेवा" म्हणाले. तेवढं पुरे नाही का?

नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असतं, फोनवर जावई बोलतो. किंवा मालक खरंच दिलदार असतात आणि वर्षभराने त्यांचा मुलगा व्यवहार बघायला लागतो. करारात घालायला ते तयार नसतील तर निदान व्हॉट्सअॅपवर एक साधा निरोप टाका: "काका, आपलं बोलणं झाल्याप्रमाणे आमची मांजर सोबत राहणार आहे, ठीक आहे ना?" त्यावर आलेला अंगठाही काहीच नसण्यापेक्षा बरा.

करारच नोंदलेला नसेल तर? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसं केलं नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. वाचायला छान वाटतं. पण यावर भिस्त ठेवून राहायला जाऊ नका, नोंदणीच करून घ्या.

एजंटच्या छापील मसुद्यात "पाळीव प्राणी ठेवता येणार नाही" असं आधीपासूनच आहे. घरमालकाला तर चालतंय.

ही ओळ काढून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका. हे मसुदे एकावरून एक उतरवलेले असतात. माझ्या दुसऱ्या घराच्या करारात चौदाव्या कलमात मनाई होती आणि घरमालकीण स्वतः बंड्याला बिस्किटं घेऊन यायच्या. पुढे पाण्याच्या बिलावरून आमचं वाजलं, तेव्हा बिस्किटं बंद झाली आणि चौदावं कलम बाहेर आलं. भांडण वेगळ्याच गोष्टीचं असतं, पण प्राणी सापडतो. लेखी मनाई असेल तर त्या वेळी तुमच्याकडे बोलायला काही राहत नाही.

प्राणी आहे म्हणून जास्त डिपॉझिट मागितलं तर?

मागू शकतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला कायद्याने कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे 1999 चाच कायदा चालू आहे.

माझं मत विचाराल तर परत मिळणारं थोडं जास्त डिपॉझिट द्यावं, पण "प्राण्यासाठी दरमहा इतके जास्त" याला नाही म्हणावं. दरमहा दिलेले पैसे गेले ते गेले, आणि जाताना दारावरच्या ओरखड्यांचे पुन्हा कापतातच.

सांगितलं नाही आणि गुपचूप ठेवला तर काय होईल?

दोन आठवड्यांत कळेल. वॉचमन, कचरा नेणाऱ्या मावशी, समोरचं चिमुरडं पोर, कुणीतरी सांगणारच. करारात मनाई असेल तर अटीचा भंग झाला. नोटीस येऊ शकते आणि लॉक-इन (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) असेल तर उरलेल्या महिन्यांच्या पैशांवरूनही वाद होतो. पण मला त्याहून वाईट वाटतं ते प्राण्याचं. लपवलेला कुत्रा फिरायला जात नाही, दिवसभर बेडरूममध्ये कोंडलेला असतो. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 मध्ये कुत्र्याला सतत साखळीला किंवा कोंडून ठेवून त्याला मोकळं फिरवायचं नाही, हीसुद्धा क्रूरता धरली आहे.

घरमालक लगेच घर खाली करायला लावू शकतो का?

करारातल्या नोटिशीची मुदत त्यालाही पाळावी लागते. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, वीज-पाणी तोडणं हे मार्ग कायद्याचे नाहीत. तसं झालं तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. तुमच्या प्राण्याला कुणी विष घातलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसती धमकी आली तरी ती लेखी नोंदवून ठेवावी.

पागडीच्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी. तिथे खरोखरचा भाडेकरू असतो आणि त्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 16 मध्ये दिलेल्या कारणांशिवाय काढता येत नाही. कुत्रा पाळणं हे त्यातलं कारण नाही. पण शेजारच्या रहिवाशांना उपद्रव हे आहे.

आम्ही ऑफिसला गेलो की कुत्रा भुंकतो. तक्रारी येतात.

मंडळाच्या सूचनांनुसार भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. तरी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दुपारी झोप मिळत नसेल तर परिपत्रक त्यांच्या काय कामाचं?

आधी बघा कधी भुंकतो. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ऑफिसला जा. बंड्याचं निघालं ते असं: आम्ही गेल्यावर पहिली वीस मिनिटं, आणि नंतर लिफ्टचं दार वाजेल तेव्हा तेव्हा. त्याची गादी मुख्य दारापासून आतल्या खोलीत नेली, पंखा आणि रेडिओ लावून ठेवला, सकाळचं फिरणं पंधरा मिनिटांवरून चाळीसवर नेलं. तीन आठवडे लागले. दरम्यान खालच्या मजल्यावर जाऊन माझा नंबर देऊन आलो आणि सांगितलं, त्रास झाला की मला फोन करा. दोनदा आला. नंतर तेच आजोबा विचारायला लागले, आज आवाज नाही, बरा आहे ना?

कुणाला चावला तर जबाबदारी कुणाची?

तुमची, घरमालकाची नव्हे. प्राण्याबाबत पुरेशी काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नुकसानभरपाईचा दावा वेगळा. पण त्या क्षणी कायदा बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावा, त्यांना स्वतः दवाखान्यात न्या, कुत्र्याचं लसीचं कार्ड सोबत घ्या. हळद, चुना, मिरची लावू देऊ नका.

लायसन्स आणि लसीकरण भाडेकरूच्या नावावर होतं का?

होतं. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना प्राणी ज्याचा त्याच्या नावाने असतो. पत्त्यासाठी नोंदणीकृत करार चालतो. काही महापालिका मांजरांचीही नोंदणी मागतात, आपल्या महापालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. घर बदललं की पत्ता बदलून घ्यायला विसरू नका. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे. परवाना आणि लसीचं कार्ड या दोन कागदांची प्रत घरमालकाला न मागता दिली की त्यांचा सूर बदलतो.

मांजरासाठी वेगळं काही?

मांजराबद्दल तक्रारी कमी आणि नुकसान जास्त. बाल्कनीला जाळी लावाल तर भोकं पाडण्याआधी घरमालकाला आणि बाहेरून दिसत असेल तर सोसायटीलाही विचारा. लिटर (मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये ठेवलेली माती) संडासात ओतू नका. गोळा होणारी माती पाइपात सिमेंटसारखी बसते आणि प्लंबरचं बिल तुमच्या नावावर येतं.

लघवीचा वास हा डिपॉझिट कापण्याचा सगळ्यात मोठा मुद्दा. त्यातलं युरिक आम्ल साध्या साबणाने निघत नाही, दमट दिवसांत वास परत उठतो. त्यासाठी एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं, तेच वापरा. ब्लीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून घशाला लागणारा विषारी वायू तयार होतो.

मासे, पोपट, कासव?

माशांना सहसा कुणाची हरकत नसते, पण वजनाचा विचार करा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे अडीचशे लिटर पाणी बसतं, म्हणजे नुसतं पाणीच अडीचशे किलो. ती भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या बाजूला ठेवा. फुटली तर खालच्या घराचं छत तुमच्या खर्चात.

आपला नेहमीचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तेच, मग ते कुणी कितीही "शुभ" म्हणून दिलेलं असो. यात घरमालकाची परवानगी असली तरी काही उपयोग नाही. आफ्रिकन ग्रे पोपटासारख्या परदेशी प्रजातींची 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

कुत्र्यांच्या अमुक जातींवर सरकारने बंदी घातली आहे असं घरमालक म्हणतात.

मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींबाबत राज्यांना पत्र पाठवलं होतं, ते त्यांच्या लक्षात असेल. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं, दिल्ली उच्च न्यायालयानेही. तरी घरमालकाला रॉटवायलर नको असेल तर कराराच्या पातळीवर तो नाही म्हणू शकतो.

डिपॉझिट पूर्ण परत मिळवायचं असेल तर?

याची सुरुवात पहिल्या दिवशी होते. सामान आत जाण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा: प्रत्येक दाराचा खालचा दोन फुटांचा भाग, चौकटीचे कोपरे, खिडकीच्या जाळ्या, फरशीचे टवके, सिंकखालचा प्लाय. लोक भिंतींचे फोटो काढतात आणि दारं विसरतात. कुत्रा भिंत खरवडत नाही, दार खरवडतो. त्याच दिवशी ते घरमालकाला पाठवा, तारखेसकट राहतात. आतल्या बाजूने दाराला पारदर्शक अॅक्रिलिकचा पत्रा दुतर्फी टेपने चिकटवला तर ओरखडे त्यावर येतात. टेप काढताना हेअर ड्रायरने गरम करून काढा, नाहीतर पॉलिश सोबत येईल. माझं एकदा आलंय.

जाण्याच्या महिनाभर आधी घरमालकाला बोलावून घर दाखवा आणि काय दुरुस्त करायचं ते ठरवा. सुतार तुम्ही आणला तर दाराची पट्टी बदलून होते, त्यांनी आणला तर अख्खं दार बदलतं. रंगकामाचे पैसे नेहमीप्रमाणे कापत असतील तर "प्राण्यामुळे पुन्हा रंग" असे वेगळे कापू देऊ नका. एकाच भिंतीला दोनदा रंग लागत नाही.

नवीन घरात प्राणी चालत नाही म्हणतात आणि जुनं महिनाअखेर सोडायचं आहे. काय करू?

मुदत वाढवून मागा, अगदी पंधरा दिवसांची. बरेचसे घरमालक एवढं देतात. प्राण्याला काही दिवस बोर्डिंगमध्ये किंवा मित्राकडे ठेवा, पण परत आणायची तारीख ठरवून. घर शोधताना पहिल्याच फोनवर प्राण्याचं सांगा. दहातले आठ नाही म्हणतील, पण उरलेल्या दोघांकडे चकरा वाया जाणार नाहीत. जुन्या घरमालकाचा नंबर द्यायची तयारी ठेवा. "त्यांना विचारा, दोन वर्षांत एक तक्रार नाही" या वाक्यावर मला चौथं घर मिळालं.

रस्त्यावर किंवा दुसऱ्या वस्तीत नेऊन सोडणं हा मार्ग नाही. भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, 1960 सालचा, आजही तेवढाच. आमच्या गल्लीत दर मे महिन्यात, करार संपायच्या मोसमात, गळ्यात पट्टा असलेला एखादा कुत्रा नव्याने दिसायला लागतो. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे थोडं अंतर धावतो आणि परत त्याच जागेवर येऊन बसतो.